खंडेनवमीची पाचवी फेरी

फेरी १ : ९६ टक्के

रुतिकाचा जीव चिमूटभर पावडरीत अडकला होता. पावडर सिलिकाची, आणि तिच्या बारीक छिद्रांत रुतिकानं बसवलेलं द्रव मीठ. न तापवताही पातळ राहणारं, अल्कलीसारखं, अभिक्रिया पळवणारं. काम झालं की पावडर गाळायची, अल्कोहोलनं धुवायची, पुन्हा वापरायची. पाच फेऱ्यांत तयार मालाचे टक्के टिकले की पेपर. पेपर निघाला की पीएचडी.

"म्हंजे मीठ, पन ओलं?" लॅब सांभाळणाऱ्या दुर्गाबाईंनी विचारलं. त्या खाडीकाठच्या सारसोळे गावच्या. "माजा सासरा मिठागरावर मीठ सुकायची वाट बगत म्हातारा झाला. आनि तू येवडं शिकून ते पातळ केलंस?"

फेरी २ : ९५

गाइड श्यामसुंदर सर सीवूड्सच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांना दुसरी उपमाच सुचत नसे. "सिलिका म्हणजे बिल्डिंग. आपलं द्रव भाडेकरू नाही, ओनर आहे ओनर! कितीही धुवा, जागा सोडणार नाही."

फेरी ३ : ९१

"फिल्टर पेपरला चिकटली असेल थोडी," सर म्हणाले.

फेरी ४ : ८४

"तुझा हात हलला असेल," सर म्हणाले आणि त्यांनी तक्त्यात पाचव्या फेरीपुढे पेन्सिलीनं ९० लिहून टाकलं.

"सर, ती फेरी अजून व्हायचीय."

"अंदाज गं. टेन्शन कशाला घेतेस? उद्या करून टाक."

फेरी ५ :

उद्या खंडेनवमी निघाली. ओव्हनला झेंडूचा हार, तराजूला कुंकू. सरांनी दारातच फर्मान काढलं, "पूजेतल्या वस्तूला दसऱ्यापर्यंत कुणी हात लावायचा नाही. मीसुद्धा नाही."

टेबलावर रुतिकाचा संसार मांडलेला होता : ताज्या पावडरीची बशी, चार वेळा वापरलेल्या पावडरीची बशी आणि ती ज्यात धुतली त्या अल्कोहोलची वाटी.

"बाई, त्यात नको!" रुतिका ओरडेपर्यंत दुर्गाबाईंची पूजेच्या हळदीची चिमूट तिन्हींवर सुटली होती.

ताज्या पावडरीवर पडलेली हळद लाल झाली.

वापरलेल्या पावडरीवर पडलेली पिवळीच राहिली.

वाटीतली मात्र लालभडक.

"देवी प्रसन्न झाली!" सरांनी हात जोडले.

"कसली देवी," दुर्गाबाई वाटीत वाकून बघत म्हणाल्या. "साबन हाय काय ह्यात? लुगड्यावरच्या हलदीच्या डागाला साबन लागला की अशीच लाल होते."

साबण नव्हता. साबणासारखंच हळद लाल करणारं तिचं अल्कली मीठ होतं. ज्यानं छिद्रांत ठाण मांडून बसायचं, ते दर धुण्याला थोडं थोडं सामान हलवत वाटीत राहायला गेलं होतं.

"सर, ओनरनं जागा सोडली."

सरांनी दाराकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "सिंकमध्ये ओत."

"आँ?" दुर्गाबाईंनी कमरेवर हात ठेवले. "तुमीच बोललात ना, उद्यापर्यंत हात लावायचा नाय? मीसुद्दा नाय?"

सरांचा हात वाटीपर्यंत जाऊन परत आला आणि उगाच झेंडूचं फूल सारखं करू लागला. खोडरबर पूजेत नव्हता. रुतिकानं तो उचलला, ९० खोडलं आणि तिथं लिहिलं : 'केली नाही. मीठ वाटीत सापडलं.'

"रुतिका, सहा महिने जातील."

"जाऊ देत, सर. ह्या वेळी पक्कं बांधून बसवते."

सर वाटीवर वाकले. "पण गळती आपणच शोधली, हे खरं ना?"

"हलदीनं शोधली," दुर्गाबाई म्हणाल्या आणि सरांच्या तोंडात पेढा कोंबला.

फेरी १ : दसऱ्यानंतर