चौदा मुलींची कोरडी होडी

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे. नाव तोमासा. होडी बोलायला लागली की आता वादळं येणार, मोठमोठे मासे येणार, असं तुम्हाला वाटेल. ते सगळं मी पाहिलं आहे. पण आज सांगायचं आहे ते एका वर्षाबद्दल. त्या वर्षी माझं इतकं कौतुक झालं की मी वैतागून गेले, कारण त्या कौतुकात मला पाण्यात न्यायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

मला मानोय इस्कोंनी बांधलं. आमच्या गावात थोरल्या पुरुषाला मानोय म्हणतात आणि थोरल्या बाईला मानाय. इस्कोंनी माझ्या लाल फळ्या स्वतः तासल्या, दोन्ही बाजूंना तोल सांभाळणाऱ्या बांबूच्या उलांड्या बांधल्या आणि बायकोचं नाव माझ्या पुढच्या टोकावर रंगवलं. सव्वीस वर्षं आम्ही दोघांनी मासेमारी केली. मग त्यांची पाठ गेली. मुलं मनिलाला नोकरीला निघून गेली. मला बदामाच्या झाडाखाली पालथी घातली आणि एक उलांडी कुणीतरी चुलीत घालायला नेली. माझ्याखाली कोंबड्या अंडी घालू लागल्या.

अशी तीन वर्षं गेल्यावर, एका जूनमध्ये मानाय सालूद आल्या. जेटीवर त्यांची खाणावळ होती. नारळाच्या दुधातलं अळू खावं तर त्यांच्याच हातचं, असं लोक म्हणत. दर शनिवारी दुपारी त्या खाणावळ बंद करत आणि गळ्यात निळा रुमाल बांधून मुलींचं स्काउट पथक घेत. त्या कामाचा कुणी पगार देत नव्हतं आणि त्यांनी कधी मागितलाही नव्हता. पथकात बारा-तेरा वर्षांच्या चौदा मुली होत्या. दोराच्या गाठी मारणं, प्रथमोपचार, चूल पेटवणं हे सगळं त्यांना येत होतं. आता त्यांना समुद्रात जायचं होतं.

सालूदनी मला मागितलं, तेव्हा इस्को दारात बसले होते. ते म्हणाले, "घेऊन जा. माझ्या मुलांना ती नको होती. तुझ्या मुलींना हवी असेल, तर तिचं नशीब उघडलं म्हणायचं."

पहिल्याच शनिवारी मुली कामाला लागल्या. माझ्या तळावरचे शिंपल्यांचे थर त्यांनी नारळाच्या करवंट्यांनी खरवडून काढले आणि मग मला सुलटी केली. मला वाटलं, पुढच्या शनिवारी आपण लाटांवर असू. पण सालूदनी अट घातली. जेटीपासून मासे धरायच्या बांबूच्या कुंपणापर्यंत जी पोहत जाईल, तीच होडीत बसेल. अट योग्यच होती. तेव्हा कळलं की चौदा मुलींपैकी फक्त दोघींना पोहता येतं.

मित्रांनो, या मुली समुद्रापासून शंभर पावलांवर जन्मल्या होत्या. त्यांचे भाऊ दिवसभर जेटीवरून उड्या मारत आणि या काठावर धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन उभ्या असत.

सालूद घरोघर फिरल्या. एका आईला मुलगी काळी पडेल याची भीती होती. दुसरीला धुणं कोण धुणार याची काळजी होती. मारिफे नावाच्या मुलीचे वडील तेबान नावाजलेले कोळी होते. ते जाळं विणता विणता हसले आणि म्हणाले, "मुली होडीत बसल्या तर मासे हसून हसून मरतील. मग जाळ्याची गरजच नाही." मारिफेच्या आईनं मात्र नवऱ्याची पाठ वळल्यावर होकारार्थी मान हलवली. त्या दिवसापासून मारिफे शनिवारी धुण्याची बादली घेऊन घराबाहेर पडे आणि कमरेला तेलाचा रिकामा डबा बांधून पाण्यात उतरे.

सप्टेंबरपर्यंत आठ जणी पोहायला शिकल्या. मला पिवळा रंग लागला, नवी उलांडी आली. तिचा बांबू मुलींनी स्वतः टेकडीवरून खांद्यावर आणला होता. शनिवार ठरला. शुक्रवारी गावप्रमुख आले. त्यांचं नाव रुफो, सगळे त्यांना कपितान म्हणत. गावच्या संताच्या जत्रेत मिरवणुकीसाठी त्यांना मी हवी होते. त्यांनी मला एका ट्रकवर चढवलं, माझ्या फळ्यांत खिळे ठोकून कागदी फुलं लावली आणि तोमासा पुसून तिथे स्वतःचं नाव रंगवलं. मी रस्त्यावरून समुद्राच्या कडेकडेनं गेले. लाटा दिसत होत्या. सगळे टाळ्या वाजवत होते. होडीला ट्रकवर बसवून तिच्यासाठी टाळ्या वाजवणं म्हणजे काय, हे ज्याला कळेल त्यालाच माझा वैताग कळेल.

मी परत आले ती नवी उलांडी मोडूनच. सालूद कपितानांकडे गेल्या तेव्हा ते म्हणाले की बायकांच्या होडीला एवढी काय घाई आहे, तिला कुठे मासे पकडायचे आहेत. मुलींनी एकेक खिळा उपटला, भोकं बुजवली, उलांडी सांधली आणि पुन्हा तोमासा लिहिलं. अक्षर जरा वाकडं आलं.

नोव्हेंबरमध्ये वादळांचे इशारे सुरू झाले. सगळ्या होड्या शाळेच्या आवारात न्यायच्या होत्या. माझ्यासाठी कुणी माणसं दिली नाहीत, म्हणून त्या चौदा जणींनीच मला उचलून चढण चढवली. वादळ दुसरीकडे वळलं, पण मी तिथेच राहिले, कारण डिसेंबर आला आणि शाळेला नाताळचा देखावा मांडायचा होता. माझ्यात गवत भरून गव्हाण केली आणि त्यात मातीचा बाळ येशू ठेवला. येशूबद्दल माझी काही तक्रार नाही. पण ते गवत फेब्रुवारीपर्यंत कुणी काढलं नाही.

त्या महिन्यांत ईशान्येचा वारा असतो, समुद्र खवळलेला असतो, तेव्हा तसंही जाता आलं नसतं. मुली मात्र थांबल्या नाहीत. त्या नाताळची गाणी म्हणत घरोघर फिरल्या, म्हाताऱ्यांना औषधं नेऊन दिली, जेटीवरचा कचरा उचलला. प्रत्येक कामाचे फोटो निघाले. फोटोत कपितान मधोमध उभे असत.

मग सालूदना मदत करणाऱ्या शाळेतल्या बाईंची बदली झाली. सालूदनी पालकांची सभा बोलावली. तिघे आले आणि त्यातले दोघे तांदळाची खीर संपल्यावर उठून गेले. सभेनंतर सालूद माझ्या काठावर येऊन बसल्या. मारिफे भांडी गोळा करत होती.

"मी दमले गं," सालूद तिला म्हणाल्या. "चौदा मुलींचे अठ्ठावीस आईबाप. एकालाही शनिवार मोकळा नसतो. हे वर्ष संपलं की मी रुमाल उतरवणार."

मारिफेनं भांडी खाली ठेवली. "उतरवा मानाय. पण आधी एकदा पाण्यात न्या. मला छातीवर लावायचे सहा बिल्ले मिळालेत, आणि अजून मी जेटीवरूनच समुद्र बघते."

मार्चमध्ये वारा पडला, तशी मुलींनी मला उचलून परत किनाऱ्यावर आणलं. तेराव्या मुलीनंही कुंपण गाठलं. चौदावीला पाण्याची फार भीती वाटे, म्हणून तिच्याकडे काठावरून शिट्टी वाजवायचं काम दिलं. आणि नेमकं तेव्हाच कपितानांनी नवं ठरवलं. पथकाच्या वार्षिक समारंभाला शहरातून पाहुणे येणार होते. त्यांना दाखवायला मला गावच्या सभागृहासमोर सिमेंटच्या ओट्यावर बसवायचं, माझ्यात माती भरून बोगनवेल लावायची आणि मुलींच्या कर्तबगारीची पाटी लावायची. पाणी तुंबू नये म्हणून माझ्या तळाला सहा भोकं पाडायची.

भोकं पाडायला त्यांनी तेबानना पाठवलं. शनिवारी सकाळी ते गिरमिट घेऊन आले. मुली मला पुसून घेत होत्या. तेबाननी काय करायचं आहे ते सांगितलं, तशी मारिफे माझ्यात चढून मांडी घालून बसली.

"उतर," ते म्हणाले.

"नाही उतरणार, बाबा. ही आमची आहे. मानोय इस्कोंनी आम्हाला दिलीय."

"तुमची? आणि करणार काय तिचं? तुला पोहता तरी येतं का?"

मारिफे उठली. जेटीवर गेली आणि कपड्यांनिशी पाण्यात शिरली. तेबान गिरमिट हातात धरून बघत राहिले. ती कुंपणापर्यंत गेली, बांबूला हात लावला आणि वळली. परतताना मध्ये एकदा लाट अंगावर आली, तेव्हा तेबान दोन पावलं पाण्यात गेले. पण ती वर आली आणि स्वतःच काठाला लागली. ती समोर येऊन उभी राहिली तेव्हा तिला धाप लागली होती.

मग तेबाननी गिरमिट वाळूत ठेवलं आणि माझ्या फळ्यांच्या सांध्यावरून अंगठा फिरवला. सव्वीस वर्षं मी इस्कोंचा अंगठा असा फिरताना अनुभवला होता.

"रंग छान दिलाय," ते म्हणाले. "पण आतून वाळलीय. सांधे उघडलेत. अशी नेलीत तर कुंपणाच्या अलीकडेच बुडेल. आधी दोन दिवस उथळ पाण्यात भिजत ठेवायला हवी. लाकूड फुगलं की आपोआप मिटेल. धरा त्या बाजूनं."

कपितान आले तेव्हा मी गुडघाभर पाण्यात होते. उद्या पाहुण्यांना दारात काय दाखवू, असं ते पुन्हा पुन्हा विचारत होते. सालूद म्हणाल्या, "बोगनवेल कुंडीत लावा कपितान. ती कुंडीतही फुलते."

समारंभ माझ्याविना झाला. भाषणात माझं नाव आलं नाही. सोमवारी संध्याकाळी शाळा सुटल्यावर सहा मुली माझ्यात बसल्या. थोडं पाणी अजूनही आत येत होतं. दोघी करवंट्यांनी ते उपसत होत्या, चौघी वल्ही मारत होत्या, आणि चारही वल्ही चार दिशांना चालली होती. आम्ही वाकडेतिकडे कुंपणापर्यंत गेलो आणि परत आलो. मग उरलेल्या सात जणी. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात लहान प्रवास, आणि तरी तो मला कुठल्याही मोठ्या माशापेक्षा जास्त आठवतो.

सालूदनी रुमाल उतरवला नाही. त्यांना मदतनीस मात्र कुणी मिळाला नाही, निदान कुणी तसं कबूल केलं नाही. तेबान दर शनिवारी फक्त रागवायला येतात. वल्हं असं धरतात का, वारा कुठून आहे ते आधी बघा, म्हणून ओरडतात. पथकाच्या वहीत सालूदनी त्यांचं नाव घातलं, तर ते म्हणाले की मी काही तुमच्या पथकात नाही. दिलेला निळा रुमाल त्यांनी घाम पुसायला घेतला. तो अजून परत केलेला नाही.

मित्रांनो, तुमच्या गावातही सालूदसारखी एखादी बाई असेल. तिचा सत्कार करण्याआधी एक शनिवार तिला द्या. माझ्यासारख्या होडीला फुलं नकोत, खिळे तर मुळीच नकोत. मी रंगावाचून चालवून घेईन, पण कोरडी ठेवलीत तर फुटेन. आणि ज्या मुलीला समुद्रात जायचं आहे, तिला बिल्ला नंतर द्या. आधी वल्हं द्या.