ताईचा गळा आणि माझी तीन बटणं

या, मित्रांनो, असे जवळ सरकून बसा. मोठ्याने बोलायची हौस मला आता उरलेली नाही. कान देऊन ऐकाल तर एक गोष्ट सांगतो.

मी एक जुना ओव्हरड्राइव्ह पेडल आहे. साबणाच्या वडीपेक्षा जरासा मोठा, लोखंडी, कोपऱ्यांवरचा रंग उडालेला. गिटारची वायर माझ्यात शिरते आणि माझ्यातून अ‍ॅम्प्लिफायरला जाते. वादकाने माझ्यावर पाय दिला की तारेचा सूर थोडा खरबरीत, भरदार होतो. काम एवढंसंच, पण त्यात माझ्याकडून जे घडलं, ते आज देवाला आणि तुम्हाला साक्षी ठेवून कबूल करतो.

रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराने मला घडवलं. माझ्या कपाळावर त्याने तीन गोल बटणं बसवली: एक आवाजाचं, एक सुराच्या धारेचं आणि एक ड्राइव्हचं, म्हणजे खरखरीचं. मला न्यायला आलेल्या तरुणाला त्याने बजावलं, "आधी अ‍ॅम्प्लिफायरचा गेन, म्हणजे आत येणाऱ्या सुराचा जोर, लाव. तार हळू छेडली तर स्वच्छ, जोरात छेडली तर जेमतेम खरखर, तिथेच थांब. मग याचा ड्राइव्ह कमी नि आवाज थोडा चढता ठेव. आणि हे ठरव जिथे वाजवायचं तिथे, सगळ्यांबरोबर. घरात एकटा बसून नको हं!"

"हो काका," तो म्हणाला. पण लक्ष सगळं माझ्या लाल दिव्यात!

त्याला घरी सगळे धाकटा म्हणत. त्याची ताई प्रार्थनागृहात स्तुतिगीतं गायची. तिचा उंच स्वर लागला की बाकावरची चुळबुळ थांबायची. धाकटा तिच्या साथीला गिटार वाजवायचा.

त्याने मला घरीच लावलं. शेजाऱ्यांच्या धाकाने आवाज अगदी बारीक ठेवलेला, त्यामुळे सूर पातळ वाटला. म्हणून अ‍ॅम्प्लिफायरचा गेन पूर्ण पिळला, माझा ड्राइव्हही पूर्ण. मी असा गुरगुरलो की तो हरखूनच गेला. बटणं हलू नयेत म्हणून त्यांवर चिकटपट्टी लावली आणि मला तसंच प्रार्थनागृहात नेलं.

तिथे पियानो होता, ड्रम होते. मोठ्या आवाजात माझ्या खरखरीने सगळ्या सुरांचा नुसता काला केला. धाकट्याचं बोट चुकलं तरी कुणाला कळेना. त्याच्या चुका मीच पोटात घालत होतो. लोक म्हणायचे, "काय भरीव वाजवतो हो!" आणि मी फुगायचो.

ताई म्हणाली, "अरे, माझं मलाच ऐकू येत नाही रे. थोडं कमी कर ना."

"कमी केलं की मिळमिळीत होतं गं. तूच जोर लाव. मला हाका मारतेस तेव्हा चार घरं ऐकतात की!"

ती हसली. आणि तिने जोर लावला. दर आठवड्याला थोडा जास्त. तिची पावलं माझ्या शेजारीच असायची. उंच ओळीला तिच्या टाचा उचलल्या जायच्या, पाय थरथरायचे. मला दिसत होतं, मित्रांनो. तरी मी गुरगुरत राहिलो.

एके दिवशी भर ओळीत तिचा आवाज फाटला. पुढे नुसती हवा.

डॉक्टरांनी सांगितलं, गळ्यात गाठी आल्या आहेत. तीन महिने अक्षर बोलायचं नाही. उंच स्वर परत येईलच असं नाही.

दुसऱ्याच दिवशी दुपारी रिकाम्या प्रार्थनागृहात ताई धाकट्याला घेऊन आली, हातात वही-पेन्सिल. माझ्यापाशी गुडघे टेकून तिने नखाने चिकटपट्टी खरवडली. अ‍ॅम्प्लिफायरचा गेन उतरवत नेला, खुणेने त्याला तार छेडायला लावली, पुन्हा उतरवला. माझा ड्राइव्ह जवळजवळ बंद केला, आवाज जरा चढवला. मग मान हलवली: वाजव.

त्याने वाजवलं. एकेक सूर उघडा पडला.

"ताई, अगं हे तर सगळं चुकतंय!"

तिने वहीत लिहिलं, "आधीही चुकत होतं. आता ऐकू येतंय."

धाकटा जमिनीवर बसून रडला. मला तेही करता येत नव्हतं.

तीन महिन्यांनी ताई परत गाऊ लागली, पण खालच्या पट्टीत, धुरकटलेल्या आवाजात. उंच ओळ तिला पुन्हा लागली नाही. ती ओळ आली की धाकटा मला पायाने बंद करतो आणि तारा गप्प व्हाव्यात म्हणून हात त्यांवर सपाट ठेवतो. "भर ना रे ती जागा," पियानोवाले मामा एकदा म्हणाले. तो म्हणाला, "ती तिची जागा आहे, मामा."

मित्रांनो, वाद्य लावताना शेजारच्याचा आवाज ऐकू येतो का, तेवढं आधी बघा. आणि प्रार्थनेला बसाल तेव्हा माझी नाही, त्या ताईची आठवण ठेवा.