चौथा ठोकळा

रविवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी टॅमरॅक बे या गावाच्या वाचनालयाच्या तळघरात लाकडी ठोकळ्यांचा मनोरा कोसळला. तोवर त्यातून तीनच ठोकळे काढून झाले होते. चौथा रॉजर स्कोगलुंडच्या हातात होता.

टेबलाभोवती चौघं होती. खेळ चालवणारी गेल विटाला वाचनालयातच काम करते. रविवारी तळघराची किल्ली तिच्याकडे असते. ट्रिश कोवाच औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. नेट बुशार छपरं घालतो. त्याची आठ वर्षांची मुलगी एल्सी चौदा नंबरच्या बसने शाळेत जाते. ती बस रॉजर चालवतो, बावीस वर्षांपासून.

दर दोन आठवड्यांनी ही चौघं भयकथा खेळतात. गेल प्रसंग सांगते, बाकीचे त्यातली माणसं होऊन काय करायचं ते ठरवतात. ते साधलं की फसलं, हे नियमांवरून कळतं. त्या दिवशी वाद नियमांचाच होता. नवी कथा सुरू व्हायची होती, १९२६ सालच्या लोखंडाच्या खाणीतली, आणि ती उन्हाळ्यापर्यंत चालणार होती. एकदा ठरलेले नियम मध्येच बदलत नाहीत.

जुने नियम फाशांचे. प्रत्येकाच्या कागदावर शहाणपणाचा एक आकडा असतो. भयंकर काही दिसलं की फासे टाकायचे, हरलं की आकडा उतरतो, शून्यावर माणूस वेडा होतो. गेलने आणलेल्या नियमांत आकडे नव्हते. चोपन्न ठोकळ्यांचा मनोरा टेबलावर उभा करायचा. जोखमीचं काही करायचं तर खालचा एक ठोकळा काढून वर ठेवायचा. ज्याच्या हातून मनोरा पडेल, त्याचं पात्र संपलं.

"फाशांना आता कोणी भीत नाही," गेल म्हणाली. "मागच्या वेळी विहिरीतून ते वर आलं तेव्हा रॉजर सँडविच खात होता."

"माझा आकडा बासष्ट होता," रॉजर म्हणाला. "बासष्टवाला माणूस जेवतो."

"म्हणूनच मनोरा," नेट म्हणाला. "हात पुढे करताना पोटात गोळा आला पाहिजे."

"माझा खाणवाला धीट की भित्रा, हे त्याच्या कागदावर असू दे ना. माझ्या बोटांवर कशाला?" रॉजर म्हणाला. "तू दिवसभर छपरावर खिळे ठोकतोस. उद्या खेळातला तुझा म्हातारा पाद्रीसुद्धा सर्कशीतला कसरतपटू निघेल."

मुद्दा बिनतोड होता, आणि घोटाळा तिथेच झाला. या टेबलावर नियमांबद्दल कोणी काही बोललं की ते नियमांबद्दलच आहे असं धरतात. अर्धा तास त्यावर चर्चा झाली. गेलने दोन्ही बाजू वहीत लिहून घेतल्या.

मग मतं घेतली. गेल आणि नेट मनोऱ्याच्या बाजूने, रॉजर फाशांच्या.

"फासे," ट्रिश म्हणाली.

"तू?" नेट म्हणाला. "तुला बेरीज येत नाही बाई. दर वेळी माझ्याकडून करून घेतेस."

"शिकेन." ती कॉफीच्या कपात बघत होती.

दोन विरुद्ध दोन. अशा वेळी नवे नियम अर्धा तास खेळून बघायचे आणि मग गेलने ठरवायचं, अशी त्यांची रीत आहे.

आणखी एक रीत आहे. टेबलाच्या मध्यावर एक कोरं कार्ड ठेवलेलं असतं. एखादा प्रसंग सोसवेना, तर कार्डावर बोट ठेवायचं. गेल तो प्रसंग तिथेच सोडते. कारण कोणी विचारत नाही. नऊ वर्षांत कार्डाला दोनदा हात लागला होता.

पहिला ठोकळा नेटने काढला, दुसरा ट्रिशने, तिसरा पुन्हा नेटने. मनोरा हललासुद्धा नाही. रॉजरचं पात्र खाणीत माणसं नेणारा पाळणा वरखाली करणारं होतं.

"पाळण्यात अकरा माणसं आहेत," गेल म्हणाली. "खालून कोणीतरी घंटा वाजवतंय. पण खाली कोणी उरलेलं नाही. धक्का न लागता पाळणा वर घ्यायचाय. एक ठोकळा."

रॉजरने कार्डावर बोट ठेवलं.

"बरं. पाळणा सोडून देऊ," गेल म्हणाली.

"अरे थांब," नेट म्हणाला. "पाळण्याला घाबरलास? कार्ड भीतीसाठी आहे रॉजर, मत हरू नये म्हणून नाही."

"नेट," ट्रिश म्हणाली.

"नेट काय? फासे हवेत म्हणून कार्ड दाबतोय हा. इतक्या वर्षांत असं कोणी केलं नाही."

गेलने त्याला तिथेच गप्प करायला हवं होतं. ती क्षणभर थांबली, कारण तिलाही तसंच वाटलं होतं. तेवढ्यात रॉजरने बोट उचललं.

ऑक्टोबरपासून तो फासे चामड्याच्या पेल्यातून टाकत होता. सगळ्यांना ती ऐट वाटली होती. आता हातात पेला नव्हता. त्याने उजवा हात मनोऱ्याकडे नेला. ठोकळा निघाला, आणि त्याच्याबरोबर बाकीचे सगळे टेबलावर आणि जमिनीवर आले.

नेट हसायला लागला होता. मग त्याचं लक्ष हाताकडे गेलं. हात टेबलावर टेकवलेला होता, तरी ठोकळा फळीवर टकटक वाजत होता.

"थंडी आहे," रॉजर म्हणाला.

"हीटर चालू आहे," नेट म्हणाला. "हाताचं हे कधीपासून?"

"बस चालवताना नाही होत. चाक धरलं की थांबतो."

"ते नाही विचारलं मी."

"उन्हाळ्यापासून. ऑक्टोबरात गोळ्या सुरू झाल्या."

टॅमरॅक बेमध्ये औषधांचं दुकान एकच आहे. नेटने ट्रिशकडे पाहिलं. "तुला माहीत होतं?"

ट्रिशने ठोकळ्यांखालून कार्ड ओढलं आणि त्यावर बोट ठेवलं.

"ते खेळापुरतं असतं, ट्रिश."

"काउंटरवरचं बाहेर बोलले तर मला तिथे उभं करणार नाहीत," ती म्हणाली. "माझ्याकडे हे कार्ड एवढंच आहे."

रॉजरने ठोकळा खाली ठेवला आणि हात मांडीखाली घेतला. बस चालवायला तब्येत ठीक असल्याचा दाखला लागतो; त्याच्या दाखल्याची मुदत जूनपर्यंत होती. "तो दिला तेव्हा खरंच काही नव्हतं," तो म्हणाला. "बावीस वर्षांत आरसासुद्धा फुटलेला नाही. जूनमध्ये मीच सांगणार होतो."

"आणि जूनपर्यंत एल्सी तुझ्या मागे बसणार?"

"कॅरल गेल्यापासून पहाटे पाचला उठायला मला दुसरं काय आहे, सांग." कॅरल ही त्याची बायको.

"मला नाही माहीत. उद्या बस निघायच्या आधी आगारात सांग. नाहीतर मी सांगतो."

"पाचला फोन करतो."

नेट कोट घेऊन निघून गेला. ट्रिश त्याच्या मागोमाग गेली. गेल आणि रॉजर गुडघ्यांवर बसून ठोकळे गोळा करत होते.

"मी हे आणायला नको होतं," गेल म्हणाली.

"तुझे नियम चांगले आहेत," रॉजर म्हणाला. "भीती वाटली."

त्रेपन्नच ठोकळे सापडले, एक कमी. कोणते नियम, हे ठरलं नाही.

सोमवारी पहाटे तापमान शून्याखाली चोवीस होतं. नेटने एल्सीला आपल्या गाडीतून न्यायचं ठरवलं. सहा वाजून बावन्न मिनिटांनी चौदा नंबरची बस नेहमीच्या वेळी त्यांच्या कोपऱ्यावर आली. लाल दिवे लावून ती उभी राहिली, दार उघडलं. कोपऱ्यावर कोणी नव्हतं. दार मिटलं आणि बस तळ्याकाठच्या रस्त्याला लागली. नेटने हे स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. बसच्या काचांवर बर्फ धरला होता, चाकामागे कानटोपी घातलेलं कोणीतरी होतं; तो रॉजर की बदली चालक, हे त्याला कळलं नाही.

त्याने आगाराला फोन लावला, तो सात वाजून वीस मिनिटांपर्यंत व्यस्त लागत होता. त्याच सुमारास गेलने रॉजरच्या घरी फोन केला. घंटा वाजत राहिली, कोणी उचलला नाही.