वरीलप्रमाणे

मी डोंगराच्या खांद्यावरच्या निरीक्षण केंद्रातला कंपनमापक बोलतोय. बोलतोय आपलं म्हणायचं, खरं तर मी लिहितो. एक फिरता रूळ, त्यावर गुंडाळलेला कागद, कागदावर टेकलेली शाईची लेखणी आणि जमिनीत पुरलेलं एक जड वजन, एवढाच माझा संसार. जमीन हलली की लेखणी हलते, नाही हलली तर सरळ रेघ. खोटं लिहिणं माझ्या रक्तात नाही, पण मला हळू बोलायला लावता येतं. आज तेच सांगायचंय, आणि हातात फार वेळ नाही.

एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्यानं मला घडवलं. तो टेबलावर टिचकी मारायचा आणि मी काय लिहितो ते चष्मा वर करून बघायचा. "तिखट कानाचा आहे बरं का हा," असं त्यानं न्यायला आलेल्या माणसाला सांगितलं. मला काय आनंद झाला होता तेव्हा! तो न्यायला आलेला माणूस म्हणजे आमचे निरीक्षक.

केंद्र तीन खोल्यांचं. एकीत मी, दुसरीत टेबल, फोन आणि रजिस्टरं, तिसरीत निरीक्षकांची खाट आणि दोरीवर कायम ओले मोजे. बाहेर काळी उघडी उतरण, पाय ठेवला की कुरकुरणारी. हा डोंगर ज्वालामुखी आहे. त्याच्या पोटात वितळलेला खडक वर सरकायला लागला की आधी बारीक थरथर सुटते, माणसाच्या तळपायाला न कळणारी. ती मला कळते. रोज सकाळी आठला कागद बदलताना निरीक्षक विचारायचे, "काय राव, काय म्हणतोय डोंगर?"

माझ्या पोटावर एक गोल बटण आहे, एक ते आठ आकड्यांचं. आठवर असलं की मी ती थरथर बोटभर मोठी करून काढतो. दोनवर आणलं की तीच चौथाईवर येते. हे नीट ध्यानात ठेवा.

नऊ वर्षांपूर्वी माझ्या रेघा बघून निरीक्षकांनी पायथ्याचं गाव रिकामं करायला लावलं. अकरा दिवस लोक घाटापलीकडे शाळांमधून झोपले. डोंगरानं नुसती वाफ सोडली आणि गप्प बसला. निरीक्षकांचं गावभर हसं झालं. त्यांचं नावच 'धरणीकंप' पडलं. "काय धरणीकंप, आज कपडे वाळत घालू ना?" असं लोक तोंडावर विचारायचे. त्यांच्या धाकट्या बहिणीची गावात बेकरी. मळलेलं सगळं पीठ तसंच टाकून ती निघाली होती, परतली तेव्हा दुकानाला आंबूस वास सुटला होता. वर्षभर तिनं दादाला फोन केला नाही. तो वास निरीक्षकांच्या नाकातून गेला नाही. तेव्हापासून माझी रेघ जरा वाकडी झाली की ते आधी खिडकीतून ट्रक गेला का ते बघायचे.

मग रस्ता रुंद करायचं काम निघालं. खोदताना डोंगराची कूस उघडी पडली. काळा थर, लाल थर, करडी राख, पुन्हा काळा. निरीक्षक मुकादमाला समजावत होते, "प्रत्येक थर म्हणजे डोंगर एकदा फुटला होता. खालचं सपाट मैदान आहे ना, तेही असंच झालंय. तापल्या राखेचा चिखल ओढ्यातून उतरला आणि तिथं पसरून गोठला." मुकादम म्हणाला, "बरंच झालं की साहेब, मऊ लागतंय खोदायला."

रोलरच्या धडधडीनं मी दिवसभर नुसता गिचमिड काढायचो. निरीक्षकांनी बटण आठवरून दोनवर आणलं. "काम संपेपर्यंत हं, राव." रजिस्टरात बटणाचा एक रकाना असतो. त्यात त्या दिवशी त्यांनी 'दोन' लिहिलं, दुसऱ्या दिवशी लिहिलं 'वरीलप्रमाणे'. तिसऱ्या दिवशीही वरीलप्रमाणे. काम रेंगाळलं. रजिस्टर भरलं, नवं सुरू झालं, त्याच्या पहिल्या पानावर पहिल्याच ओळीत वरीलप्रमाणे. वर तर काहीच नव्हतं! अकरा महिन्यांनी रोलर गेला आणि रेघा सरळ झाल्या. त्यांना वाटलं, डोंगर निजला. बटणाकडे कुणी बघितलंच नाही. मुख्य कचेरीनंही माझ्या रेघांची उंची मोजून उतरता आलेख काढला आणि ओढ्याकाठी बांधकामाला परवानगी दिली.

एका रविवारी बहीण वर आली. टेबलाशी बसून म्हणाली, "दादा, जुनी जागा अडचणीची झालीय. ओढ्याकाठी मोठी बेकरी काढायची म्हणतेय, वर राहायला दोन खोल्या. तू सांग, बांधू का?"

निरीक्षकांनी सहा महिन्यांचे कागद पसरले. माझ्या सगळ्या रेघा कशा शहाण्यासारख्या सरळ! माझा जीव तुटत होता, पण दोनवरचा मी किती ओरडणार? ते म्हणाले, "बांध. मी आहे ना वर." त्यांनी बांधकामाच्या अर्जावर सहीही केली. ती बहीण किती दिवसांनी त्यांच्याकडे बघून हसली.

तिची भट्टी पेटली त्याच महिन्यात माझी रेघ जाड होऊ लागली. कपारीतल्या झऱ्यात हात घालवेना. पक्षी उतरणीवर बसेनात. निरीक्षक म्हणायचे, "उन्हाळा आहे."

आज सकाळी कचेरीतल्या कारकुनाचा फोन आला. "साहेब, नवीन नमुन्यात बटणाचा आकडा लागतो. वरीलप्रमाणे चालत नाही आता."

निरीक्षक हसत उठले, माझ्यासमोर वाकले. मग हसू कुठल्या कुठे गेलं. त्यांनी आजच्या रेघेवर बोट ठेवलं, त्याच्या चौपट अंतर कागदावर मोजलं आणि टेबलावरचा फोन गाठला. फोनवर कारकून अजून "हॅलो, हॅलो" करत होता.

"गावातला धोक्याचा भोंगा वाजवा," निरीक्षक म्हणाले. "आत्ताच्या आत्ता."

"मोठे साहेब बैठकीत आहेत. विचारून सांगतो."

मग त्यांनी बहिणीला फोन लावला. "अगं, पोरांना घे आणि गाडीत बस. घाटापलीकडे जा."

"दादा, परत?"

"चूक माझी आहे. यंत्राचं बटण मी कमी करून ठेवलं होतं, वाढवायचं राहिलं. दोन वर्षं."

तिकडून पत्र्याचे ट्रे सरकवल्याचे आवाज आले. मग ती म्हणाली, "मागच्या वेळी नीघ म्हणालास, निघाले. या वेळी बांध म्हणालास, बांधलं. आता तुझं कुठलं ऐकू?" ती चिडली नव्हती. खरंच विचारत होती.

"मी खाली येतो," निरीक्षक म्हणाले.

"ये. पण पाव भट्टीत आहेत. ते काढल्याशिवाय मी हलायची नाही. चाळीस मिनिटं लागतील."

त्यांनी माझं बटण आठवर फिरवलं. "माफ कर, राव," म्हणाले आणि टोपीसुद्धा न घेता धावले.

आता मी पुन्हा पूर्ण आवाजात बोलतोय, पण खोलीत कुणी नाही. लेखणी कागदाच्या या कडेवरून त्या कडेवर आदळतेय, शाई भिंतीवर उडालीय. वाकड्या रेघा मी आयुष्यभर काढल्या, पण मला इतकी भीती कधी वाटली नव्हती. उतरणीवरून दगड सुटल्याचे आवाज येताहेत. गावात पोचायला रुंद झालेल्या रस्त्यानं वीस मिनिटं लागतात. ते गेल्याला बारा झाली. भोंगा अजून वाजलेला नाही.

ते पोचतील की नाही, मला सांगता येत नाही. म्हणून तुम्हाला हात जोडतो. तुमच्यापैकी कुणी खालच्या अंगाला असाल, तर ओढ्याकाठच्या नव्या बेकरीत शिरा. भट्टीसमोर एक बाई घड्याळाकडे बघत उभी असेल. माझं नाव सांगू नका, तिच्या दादाचं तर नकोच. नुसतं तिच्या हाताला धरा आणि म्हणा, पाव जळू देत.