तोफघर

उद्या हक्कसोडपत्रावर माझी सही होणार होती. म्हणून कमलेशदादा म्हणाला, "चल बाय, एकदा तोफघर बघून घे. नंतर तिथे टॉवर."

तोफघर म्हणजे लढाईच्या काळात गोऱ्यांनी कोलशेतला आमच्या मिठागराच्या कडेला ओतलेली काँक्रीटची खोली. एक बुटकं दार, खाडीकडे एक फट. फटीतून बंदुका रोखून बसायचे म्हणे. शत्रू तिकडून आलाच नाही. तो मागून आला, डंपरमधून.

"पाण्याचं काय?" मी विचारलं.

"आज अष्टमी गो. भांगाची भरती, सगळ्यात कमी पाणी, घोटाही भिजत नाही."

बाबांनी दोघांना शिकवलेला हिशेब. मीही मान डोलावली.

आत बाटल्या, वटवाघळांची घाण. दादा बिल्डरशी फोनवर हसत बसला. मी फटीतून खाडी बघत राहिले. पायाला गार लागलं तेव्हा वळले. दारातून पाणी घुसत होतं. बघता बघता मांडीपर्यंत आलं. दादा बाहेर पडायला गेला आणि ओढीने आडवाच झाला. शर्टाला धरून खेचला त्याला. तोफेसाठी बांधलेल्या ओट्यावर चढलो.

"भांगाला एवढं पाणी?"

"नाल्याचं तोंड तूच बुजवलंस ना भराव टाकून? मग भरतीच्या पाण्याने जायचं कुठे?"

ओटाही बुडाला. डोक्यावर छत, मधे हातभर हवा. फटीतून हात जायचा, खांदा नाही. दोघं बोंबललो. पलीकडे बांधकामावर पायलिंगच्या यंत्राची धडधड. कोण ऐकतंय!

"कल्पे," दादा रडायलाच लागला, "वाचलो तर अर्धं तुझं. आईची शपथ."

वाचलो. पाणी उतरलं. दादाने आधी मोबाईल झटकला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "उद्या अकराला ये. उशीर नको."

"आणि शपथ?"

"अगं, घाबरलेलो मी. सही केली नाहीस तर भाऊबीजेला तुझ्या दारात पाय ठेवणार नाही. सांगून ठेवतो."

हिस्सा हवा तर भाऊ सोड, भाऊ हवा तर हिस्सा. गावातली प्रत्येक पोर ह्याच बुटक्या दारातून वाकून गेली. आणि त्याला माया म्हणायचं!

"पाट मांडून ठेवीन," मी म्हटलं. "यायचं तर ये. सही नाही करणार."

तो दारातून वाकून निघून गेला. वळला नाही, हात दिला नाही. मी मागून चिखलात उतरले ती गुडघाभर रुतले. एक पाय काढला की दुसरा आत.