दाराबाहेरची बरणी

जिन्यात

पहिली बरणी आली तेव्हा अप्पांना वाटलं, कुणीतरी चुकून ठेवली. पुढच्या गुरुवारी दुसरी आली तेव्हा वाटलं, कुणीतरी मुद्दाम ठेवली. तिसरी आली तेव्हा त्यांनी वाटण्याचा नाद सोडला आणि दाराच्या भिंगाला डोळा लावून उभे राहिले. पण भिंगातून जग वाटोळं दिसतं. एक वाटोळी टोपी आली, वाटोळी वाकली, घंटा वाजली. अप्पांनी श्वास रोखून धरला. टोपी गेली.

दाराबाहेर काचेची बरणी, बरणीत फुलं, बरणीच्या गळ्याला सुतळी. नाव नाही, चिठ्ठी नाही.

फुलं दुकानातली नव्हती हे नक्की. दुकानातली फुलं शाळेच्या फोटोला उभी केल्यासारखी असतात. ही आत्ताच कुणाशी तरी भांडून आल्यासारखी दिसत होती. कॉसमॉस एकीकडे तोंड फिरवून, झिनिया गाल फुगवून, आणि मध्ये कसलंसं गवत, त्याला कुणी बोलावलंच नव्हतं.

आता, म्हाताऱ्याला फुलं कोण पाठवतं? कुणी नाही. म्हणजे फुलं सुनेसाठी. म्हणजे सुनेला फुलं पाठवणारा कुणीतरी आहे. म्हणजे आज फुलं आली, उद्या तो येईल. म्हणजे परवा ती

कपाटात

त्या वाक्याचा शेवट त्यांनी केला नाही. बरणी उचलली आणि आधीच्या दोन बरण्यांसारखीच स्वेटरांच्या मागे नेऊन ठेवली.

घरात माणसं दोनच, अप्पा आणि सून. मधला दुवा, म्हणजे अप्पांचा मुलगा आणि तिचा नवरा, आजारी पडून गेला त्याला काही वर्षं झाली. तेव्हापासून ही दोघं एकमेकांची नेमकी कोण लागतात, हे बाहेरच्यांनी विचारलं नव्हतं आणि यांनीही विषय काढला नव्हता. ती अप्पा म्हणायची, ते पोरी म्हणायचे, एवढ्यावर घर सुरळीत चाललं होतं. सकाळी ती चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांचे डोळे तपासायला जायची, संध्याकाळी परत यायची, आणि जिन्यावर तिची पावलं वाजली की अप्पा गॅस पेटवायचे. दिवसभरात त्यांना खरं काम असं तेवढंच.

"अप्पा, कपाटात कसला वास येतोय?"

"डांबराच्या गोळ्या."

"डांबराच्या गोळ्यांना असा वास?"

"नव्या आल्यात."

"कुठे मिळाल्या?"

"मिळाल्या."

ती हसली. आता ती का हसली? डांबराच्या गोळ्यांना कुणी हसतं का? तिला माहीत होतं की फुलं येणार आहेत? मग ती विचारत का नाही, फुलं कुठे गेली म्हणून? की विचारलं तर तो कोण ते सांगावं लागेल म्हणून नाही विचारत? अप्पांच्या डोक्यात या प्रश्नांची गाठ बसली, आणि सोडवायला जावं तर आणखी आवळत होती.

बेसिनपाशी

एक मात्र त्यांनी ठरवलं. पाठवणाऱ्याला उत्तर द्यायचं.

अप्पांची सगळी नोकरी एका प्रयोगशाळेत काचसामान धुण्यात गेली होती. काच स्वच्छ झाली की पाणी तिच्यावरून एका पदरात सरकतं, थेंब कुठेही अडत नाही. थेंब अडला की पुन्हा धुवायचं. त्यांनी फुलं उपसली, बरणी आधी गरम पाण्याने धुतली, मग सोड्याने, मग नुसत्या पाण्याने, उजेडात धरून बघितली आणि गुरुवारी सकाळी नेमकी दाराच्या मधोमध ठेवली.

तुझं भांडं तुला परत. रिकामं. समजायचं ते समज.

त्या गुरुवारी आधीपेक्षा मोठा गुच्छ आला.

"कोडगा आहे," अप्पा मोठ्याने म्हणाले. पुढच्या खेपेला त्यांनी बरणी रागाने धुतली. रागाने धुतलेली काच फार सुंदर निघते. तिच्यात आख्खी खिडकी दिसत होती. त्या आठवड्यात आले डेलिया, लहान मुलाच्या डोक्याएवढे.

लॉन्ड्रीत

एकदा त्यांनी गुच्छ कचऱ्याच्या डब्यात टाकून बघितला. पण त्यात एक सूर्यफूल होतं. ते झाकण वर उचलून जिन्याकडे बघत बसलं. अप्पा दोन पायऱ्या चढले, पुन्हा उतरले, ते उचललं आणि कोटाच्या आत घातलं. तेव्हापासून दर गुरुवारी गुच्छ कोटात, आणि कोटासकट अप्पा कोपऱ्यावरच्या लॉन्ड्रीत. कोट इस्त्रीला द्यायचा आणि फुलं बाकावर विसरायची, अशी युक्ती होती.

"अहो, तुमचं सामान राहिलं!" लॉन्ड्रीवाली बाई म्हणाली. वय अप्पांपेक्षा थोडं कमी, हात भाजल्याच्या खुणांनी भरलेले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

"माझं नाही."

"तुमच्याच कोटातून निघालं की. मी काय आंधळी आहे?"

"असेल."

"मग मी काय करू याचं?"

"ठेवा."

"कुणासाठी आणलीत?"

"कुणासाठी नाही."

बाईने चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं. "अस्सं," ती म्हणाली. लांब, वाफेच्या इस्त्रीसारखं. ते अस्सं अप्पांच्या मागे जिन्यापर्यंत आलं.

पुढच्या गुरुवारी तीच युक्ती, तेच अस्सं. फुलं मात्र मागच्या फळीवर साबणाच्या रिकाम्या डब्यांत रांगेने उभी राहू लागली होती. वाळलेलीसुद्धा तिने टाकली नव्हती.

घशात

पोरी, एक विचारू का? (खोडलं. तिने 'विचारा' म्हटलं तर?)

पोरी, तू अजून तरुण आहेस. (खोडलं. उपदेश वाटतो.)

पोरी, तू गेलीस तर मला काही अडचण नाही. (खोडलं. खोटं आहे.)

पोरी, मला अडचण आहे. (खोडलं. खरं आहे.)

पोरी, पोळ्या अजून आहेत, वाढू? (हे विचारलं. ती नको म्हणाली.)

बाल्कनीत

सून बदलली होती. केस कापून आली. भांडी विसळताना गुणगुणायला लागली. फोन आला की बाल्कनीत जायची आणि दार लोटून घ्यायची, आणि काचेपलीकडून तिचे हात बोलताना दिसायचे. अप्पांना वाटलं, बघा, फुलं लपवूनही पोचली. फुलांचं असंच असतं वाटतं, दाराशी अडवली तरी कुठूनतरी घरात शिरतात.

एका संध्याकाळी तीच म्हणाली, "अप्पा, तुम्ही गुरुवारी कुठे जाता हो?"

"लॉन्ड्रीत. कोट द्यायला."

"दर आठवड्याला कोट?"

"पूड पडते त्याच्यावर."

"कसली पूड?"

"वयाची," अप्पा म्हणाले आणि ताट घेऊन उठले.

मागे ती पुन्हा हसली. या वेळी डोळे पुसत. अप्पांना आता हसण्याचीच भीती वाटायला लागली होती.

दारात

शेवटी अप्पांनी ठरवलं, समोरासमोर होऊन जाऊ दे. गुरुवारी घंटा वाजायच्या आधीच त्यांनी दार उघडलं. मनात ठरवलेलं वाक्य होतं: तुम्ही कोण ते मला माहीत नाही, पण.

समोर एक बाई. टोपी, चिखलाचे बूट, काट्यांनी ओरखडलेले हात, हातात बरणी.

"तुम्हीच का ते?" अप्पा म्हणाले.

"तुम्हीच का ते बरणीवाले!" बाई ओरडलीच. "अहो काका, तुमची बरणी आम्ही मळ्यावर सगळ्यांना दाखवतो! लोक बरणी परत करतात ती तळाशी शेवाळं, आत कुजकी देठं. आणि तुमची? नवीनपेक्षा नवीन! म्हणून तुमच्या गुच्छात मी दर वेळी चार फुलं जास्त घालते."

अप्पांनी दाराची चौकट धरली. "ही फुलं पाठवतं कोण?"

"पाठवतं कोण म्हणजे? वर्गणी आहे की तुमची. मासिकाची लावतात ना, तशी फुलांची. आख्ख्या हंगामाची. गावाबाहेर छोटा मळा आहे आमचा. त्या आठवड्यात जे फुलेल ते आणायचं, निवड तुमची नाही, मळ्याची."

"मी नाही लावली वर्गणी."

"सूनबाईंनी लावली. तुमच्या नावाने."

"मग मी... मी बरणी परत करत होतो ती..."

"तेच तर! पहिल्या तीन बरण्या आम्ही आपणहून ठेवतो, मग रिकामी बरणी बाहेर दिसली म्हणजे पुढची आणा. नको असेल तर बरणी घरातच ठेवायची. आमचा एवढा एकच नियम."

इतके आठवडे अप्पा नको नको म्हणत होते, आणि मळा त्यांचं आणा आणा ऐकत होता.

"पण सांगून जायचं ना!"

"घंटा वाजवते की दर वेळी. सूनबाईंनी बजावून सांगितलंय, घंटा वाजवा, दोन शब्द बोला. तुम्ही उघडतच नाही. भिंगात डोळा दिसतो नुसता. म्हटलं असतील लाजाळू." तिने बरणी त्यांच्या हातात दिली. "आता जरा उघडत जा हं. त्या परवा फोनवर म्हणाल्या, थंडी पडल्यावर अप्पा एकटेच असणार आहेत, तेव्हा कुणीतरी यायला हवं."

ती उतरली. खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. अप्पा बरणी छातीशी धरून तसेच उभे राहिले. फुलं तिने पाठवली, म्हणजे पाठवणारा कुणी नाही. पण ती जाणार आहे, म्हणजे कुणीतरी आहे. भीती खोटी होती आणि खरी होती. आता दोन्ही हातांत एकच बरणी.

टेबलावर

त्या दिवशी फुलं कपाटात गेली नाहीत, कोटात गेली नाहीत. टेबलाच्या मधोमध बसली.

सून आली आणि चप्पल काढता काढता थांबली.

"आज नाही नेलीत?"

"कुठे?"

"अप्पा." ती समोर येऊन बसली. "मी बघितलंय तुम्हाला. दुकानाच्या काचेतून. कोटात फुलं, वर एक डेलिया डोकं काढून, आणि तुम्ही असे झपझप. आधी मला वाटलं, तुम्हाला आवडली नाहीत. मळ्यावर फोन केला तर तिथल्या बाई म्हणाल्या, बरण्या चकाचक परत येतात. मग त्या डांबराच्या गोळ्या आठवल्या. मग वयाची पूड. मग कळलं मला."

"काय कळलं?"

"तुम्हाला कुणीतरी आहे."

अप्पांनी सरळच असलेली बरणी सरळ केली.

"लाजू नका हो. मला किती बरं वाटलं ते सांगू?" तिने एक पाकळी उचलून घडी घालायला सुरुवात केली. "आमच्याकडे भिंगं घासतो ना, तो. त्याने मला केव्हाच विचारलंय. दुसऱ्या गावी दुकान काढतोय स्वतःचं. मी नाहीच म्हणत होते. तुम्हाला टाकून कशी जाऊ? म्हणून आधी ही फुलं लावून बघितली, म्हटलं आठवड्यातून एकदा तरी कुणी दार वाजवेल. तरी धीर होईना. मग तुम्हाला त्या डेलियासकट बघितलं." पाकळी फाटली. "मागच्या आठवड्यात मी त्याला हो म्हणाले, अप्पा."

घशात इतके दिवस खोडलेली सगळी वाक्यं बाजूला झाली आणि एकच उरलं: कुणी नाही ग, मी घाबरून लपवत होतो. खरं होतं, छोटं होतं. ते बाहेर पडलं की ही आत्ता उठेल, बाल्कनीत जाईल, दार लोटेल आणि त्या भिंगवाल्याला नाही म्हणेल. अप्पा तिला ओळखून होते. संध्याकाळी पावलं वाजत राहतील. गॅस पेटत राहील. आणि ती पुन्हा गुणगुणणार नाही.

"कोण आहे ती? सांगा ना."

अप्पांनी फुलांकडे बघितलं. कॉसमॉसने तोंड फिरवलेलं होतं. कुणाचीच मदत नाही.

"चष्मा लावते," ते म्हणाले.

"अय्या! नंबर काय?"

"मला काय माहीत? वरून बघते."

"वाचायचा असणार. आणखी?"

"हात भाजलेत तिचे. आणि अस्सं म्हणते."

"कसं?"

"अस्सं. लांब."

सून हसायला लागली, आणि हसता हसता तिचा चेहरा मध्येच कुठेतरी विस्कटला, आणि तिने टेबलावरून हात लांब करून अप्पांचं मनगट घट्ट धरलं. "रविवारी जेवायला बोलवा त्यांना. मला बघायचंय."

"विचारतो," अप्पा म्हणाले.

दाराबाहेर

दुसऱ्या दिवशी त्यांनी फुलं वर्तमानपत्रात गुंडाळली आणि बरणी धुतली. पाणी एका पदरात सरकलं. बरणी बाहेर ठेवली. आत आणली. पुन्हा बाहेर ठेवली. नियम समजल्यावर हे सोपं व्हायला हवं होतं. झालं नाही. मग त्यांनी तिला बाहेरच राहू दिलं, आणि गुच्छ कोटाच्या बाहेर, उघडा, हातात धरून कोपऱ्याकडे निघाले. आपण थाप मारायला चाललोय, की मारलेली थाप खरी करायला, की ती थाप नव्हतीच मुळी, हे त्यांना रस्ता ओलांडेपर्यंत कळलं नाही. ओलांडल्यावरही नाही.

लॉन्ड्रीवाली बाई चादरीची घडी घालत होती. मागच्या फळीवर सगळा हंगाम साबणाच्या डब्यांत उभा होता, काही ताजा, बराचसा वाळलेला.

"शुक्रवार आहे आज," ती म्हणाली. "आणि कोट कुठाय?"

"अंगावर."

"मग आज काय विसरायला आलात?"

"आज विसरायला नाही." अप्पांनी फुलं काउंटरवर ठेवली आणि हात कुठे ठेवावा ते न कळून खिशात घातला. "रविवारी तुम्ही काय करता?"

चष्म्यावरून तिने बघितलं. बराच वेळ बघितलं. "रविवारी दुकान बंद असतं."

"अस्सं," अप्पा म्हणाले.