दोन बाटल्यांची कोळंबी

मित्रांनो, मी एक जुनी कोळंबी आहे. तोंडाला पाणी सुटू देऊ नका! मी खाण्यातली नाही, कामातली आहे. बोटाएवढी, तांबडी, पाठीवर पांढरी रेघ. माशांच्या अंगावरची घाण टिपून खाणे हा आमचा पिढीजात धंदा. आमच्या काचेच्या टाकीतला पिवळा मासा माझ्यासमोर येऊन, न्हाव्यापुढे बसावे तसा गप्प उभा राहतो.

माझा जन्म समुद्रातला. मला आणि माझ्या जोडीदारणीला पाण्याच्या पिशवीत बांधून या घरात आणले, ते आईने. आई म्हणजे या घरातली आई. ती औषधांच्या दुकानात कामाला होती आणि घाई म्हणजे काय हे तिला ठाऊक नव्हते.

आम्हाला वाढायचे तर जुने कवच टाकावे लागते. नवे कडक होईपर्यंत आम्ही मऊ, घाबरलेल्या, दगडाआड. या कामाला पाण्यात आयोडीन लागते, तेही अगदी नखभर. समुद्रात असल्या नखभर गोष्टी कधी सरत नाहीत. काचेच्या टाकीत त्या संपतात, म्हणून बाटलीतून थेंब घालावे लागतात. कमी पडले तर कवच सुटत नाही. जास्त झाले तर ते अवेळीच सुटते. म्हणून आई रविवारी आधी छोट्या नळीत पाणी घ्यायची, त्यात तपासणीचे द्रव घालून स्वयंपाकघराच्या खिडकीशी त्याचा रंग बघायची आणि मग किती थेंब घालायचे ते ठरवायची. कित्येकदा तर एकही थेंब न घालता बाटली ठेवून द्यायची. तिच्या दोन मुलींनी थेंब पाहिले. खिडकीशी काय चालते ते कोणी पाहिले नाही.

मग आई गेली. थोरली मुलगी शिवणकाम करते, धाकटी बस चालवते. थोरलीने आईची खाट आठवड्याच्या आत कोणाला तरी देऊन टाकली. धाकटी कडाडली, थोरलीनेही ऐकून घेतले नाही, आणि घरात अबोला बसला. मीठ कुठे आहे हेसुद्धा त्या भिंतीला विचारायच्या.

पण आमची काळजी दोघींना होती, आणि घात तिथेच झाला. थोरली रविवारी सकाळी थेंब घालायची आणि पुटपुटायची, "आईच्या जिवांकडे बघायला इथे वेळ कोणाला आहे!" संध्याकाळी बस लावून धाकटी आली, की स्वतःच्या कपाटातली बाटली काढायची आणि अगदी तेच म्हणायची. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. आमची गत उलटी झाली. दोन्हीकडे जेवून जीव जायची पाळी आली.

जोडीदारणीने कवच टाकले. नवे कडक होते न होते तोच तेही सुटले. ती मलूल झाली. थोरलीला ते दिसले, तिने दोन थेंब जास्त घातले. संध्याकाळी धाकटीचाही जीव कळवळला, तिनेही घातले. तिसऱ्या खेपेला कवच अर्धेच सुटले आणि पायांशी अडकले. मी शेजारीच होते. माशाच्या कल्ल्यातली घाण मी सहज काढते, पण तिचे कवच मला ओढून काढता आले नाही. ती गेली. त्या कपारीकडे मला अजून जाववत नाही.

त्या रविवारी बस दुरुस्तीला गेली होती, म्हणून धाकटी घरीच होती. थोरलीच्या हातात बाटली पाहून ती दारातच थबकली.

"काय घालतेयस त्यात?"

इतक्या महिन्यांनी शब्द फुटला, तोही असा. थोरली दचकली. "आईचं औषध. तुला काय करायचंय? मी दर रविवारी घालते."

"दर रविवारी?" धाकटीने कपाटातून स्वतःची बाटली काढून पुढे धरली. "अगं ताई, मीपण घालते. संध्याकाळी."

थोरलीने बाटलीकडे पाहिले, मग टाकीकडे. "दुसरी कुठे आहे गं?"

धाकटीने बाही वर करून दगडाआड हात घातला आणि तिला बाहेर काढले. कोणी कोणावर ओरडले नाही. "आपणच मारली," एवढे बोलून थोरली ओक्साबोक्शी रडली.

आता त्यांनी थोडे पाणी बदलले आहे. बाटलीवरची बारीक सूचना वाचून आईची ती छोटी नळी शोधून काढली आहे. "आज घातलंस?" "नाही. आधी बघू." त्या एवढेच बोलतात. खाटेचा विषय अजून कोणी काढत नाही.

पण जास्तीचे झालेले एका दिवसात निघून जात नाही. माझेही कवच पाठीशी उकलू लागले आहे. ते वेळेवर की अवेळी, मला सांगता येत नाही. मला भीती वाटते. मित्रांनो, तुमच्या घरी मासा असो, मांजर असो की आजारी माणूस, त्याच्या तोंडात काही घालण्याआधी घरातल्यांना एकदा विचारा. भांडण असले तरी विचारा. मग हवे तर पुन्हा गाल फुगवून बसा. आता मी दगडाआड जाते. बाहेर आले नाही, तर माझ्यावर कोणाची माया कमी पडली असे मात्र म्हणू नका.